प्रार्थनेच्या खोलीचे दार

१८९३ साली पुण्यात एका खोलीच्या दारावरून मोठा वाद माजला. खोली शारदासदनातील होती आणि ती पंडिता रमाबाईंची होती. आपली मुलगी मनोरमा हिला जवळ घेऊन त्या तेथे बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. दार उघडे असे. सदनात राहणाऱ्या मुलींपैकी काही त्या दारापाशी येऊन उभ्या राहू लागल्या, काही आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नव्हते; पण आलेल्यांना परतही पाठविले नाही. गावात बोलबाला झाला, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, वीसहून अधिक मुलींना त्यांच्या पालकांनी काढून नेले, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी ज्यांच्या नावावर सदनाची समाजातील पत उभी होती ती माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली.

हा प्रसंग आजवर बहुधा धर्मांतराच्या वादाचा एक अध्याय म्हणून सांगितला गेला आहे, आणि तसा तो आहेही. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. त्याच्याकडे वादाच्या धुरळ्यात कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. एखाद्या व्यक्तीची प्रार्थना 'तिची' असते ती कोणत्या अर्थाने? ती खाजगी असते म्हणून तिची, की ती तिच्या अंतःकरणातून आलेली असते म्हणून तिची? हे दोन अर्थ एकच आहेत असे आपण गृहीत धरतो. शारदासदनाच्या त्या दारापाशी ते एकमेकांपासून अलग झालेले दिसतात.

या वादातील एक विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. रानडे आणि भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या त्या समाजाने आपल्या नावातच प्रार्थनेला स्थान दिले होते. मूर्ती नको, मध्यस्थ नको, कर्मकांड नको. एकेश्वराची मनोभावे केलेली प्रार्थना हाच धर्म, अशी त्यांची भूमिका. तेव्हा रमाबाईंनी प्रार्थना करावी याला त्यांचा विरोध असण्याचे कारणच नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, ती बाईंनी आपल्यापुरती करावी. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन देऊन हिंदू घरांतल्या मुली तेथे ठेवून घेतलेल्या होत्या. दार लावून घेतले असते तर तंटा मिटला असता.

आणि दार लावून घेण्याच्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द ख्रिस्ताचे वचन होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थनेविषयी जे सांगितले आहे, त्यात आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, जो गुप्त आहे त्या पित्याशी बोलावे अशी स्पष्ट आज्ञा आहे. ख्रिस्ती व्यक्तीच्या एकांतातील नित्य प्रार्थनेचा सगळा व्यवहार या एका वाक्यावर उभा राहिला आहे, असे म्हटले तरी चालेल. रमाबाईंनी ते वाचले नव्हते असे कोण म्हणेल?

मात्र ते वाक्य ज्या जागी येते ती जागा पाहिली पाहिजे. त्याच्या आधी उल्लेख आहे तो सभास्थानांत आणि चव्हाट्यावर उभे राहून, लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांचा. दार लावायचे ते या पाहणाऱ्यांसाठी. आणि त्यानंतर काही ओळींतच ख्रिस्त जो प्रार्थनेचा नमुना घालून देतो, त्यातील सर्वनामे अनेकवचनी आहेत. खोलीत माणूस एकटा आहे, दार बंद आहे, पण तो 'माझ्या पित्या' असे म्हणत नाही, 'आमच्या पित्या' असे म्हणतो. भाकर मागतो ती आमची, क्षमा मागतो ती आमच्या अपराधांची. बंद खोलीत हे 'आम्ही' आले कोठून? ते बाहेर ठेवलेलेच नव्हते, हे त्याचे उत्तर. बाहेर ठेवलेला आहे तो प्रेक्षक. सोबत्याला मज्जाव नाही. आणि खरे सांगायचे तर सगळ्यांत चिवट प्रेक्षक खोलीत आपल्याबरोबरच शिरतो. आपण प्रार्थना करीत आहोत हे कौतुकाने पाहणारा आपलाच एक अंश असतो, आणि दाराला कितीही कड्या घातल्या तरी तो बाहेर राहत नाही.

गेथशेमानेच्या बागेतील रात्रही येथे आठवते. ख्रिस्त एकांतात जातो, पण त्याआधी तिघांना जवळ ठेवतो आणि जागे राहायला सांगतो. पुढे जातो तोही फार लांब नाही. ते तिघे झोपतात याचे त्याला दुःख होते. ज्याला केवळ खाजगीपण हवे आहे त्याला सोबती झोपले म्हणून दुःख होण्याचे कारण नाही.

तरीही रानडे-भांडारकरांचे म्हणणे इतक्यावर मोडीत काढता येत नाही. रमाबाईंच्या चरित्रकारांपैकी पुष्कळांनी ते फार चटकन मोडीत काढले आहे. उघड्या दारातून आत येणारी मुलगी स्वतंत्र होती काय, हा प्रश्न उरतोच. केशवपनाच्या भीतीतून, सासरच्या छळातून सुटून ती येथे आली. येथे तिला अन्न मिळाले, अक्षर मिळाले, आणि कोणीतरी प्रथमच प्रेमाने हाक मारली. हे सगळे जिच्या हातून मिळाले ती बाई शेजारच्या खोलीत गुडघे टेकून बसली आहे. अशा वेळी 'मी कोणाला बोलावले नाही' हे वाक्य खरे असूनही अपुरे ठरते. उपकारकर्त्याच्या घरात उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणेच असते. पुढल्या काही वर्षांत सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मंडळातून बाहेर पडलेल्यांना आपली भीती निराधार नव्हती असे वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की, सदनात मुलींना आपापले आचार, आपापली पूजाअर्चा चालविण्याची मोकळीक होती, आणि त्याच सदनात राहून शिकलेल्या गोदूबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. दारावरून वाद पेटला त्याच वर्षी, मार्च १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. बाया कर्वे या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

मग रमाबाईंनी दार का लावले नाही? हट्ट म्हणून? त्या हट्टी होत्या हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य व्हावे. परंतु याचे उत्तर शोधायचे तर तोवरच्या त्यांच्या प्रार्थनेचा इतिहास पाहावा लागतो, आणि तो इतिहास विलक्षण आहे.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. तीर्थक्षेत्री बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी, असा कुटुंबाचा क्रम. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकविले म्हणून ब्रह्मवृंदाचा रोष पत्करलेला हा माणूस. पण देवाशी बोलण्याची त्याची रीत मात्र परंपरेने नेमून दिलेलीच होती. ऐकणाऱ्याला अर्थ कळो न कळो, पवित्र ग्रंथाचा उच्चार झाला की पुण्य लागते, अशी ती श्रद्धा. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत हे कुटुंब व्रते, उपवास, स्नाने, दानधर्म आणि पारायणे करीत राहिले. जवळ होते ते संपले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. राहिलेली दोन भावंडे शेकडो कोस पायी हिंडली. या काळाविषयी रमाबाईंनी पुढे जे लिहिले आहे, त्यात देवांविषयी राग कमी आणि एक मोठी स्तब्धता अधिक आहे. इतके बोलून पलीकडून काहीच आले नाही, ही ती स्तब्धता.

म्हणजे नित्यनेमात कसूर झाली म्हणून रमाबाईंची श्रद्धा गेली नाही. नित्यनेम तंतोतंत पाळूनही ती गेली. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ख्रिस्ती धर्मात आल्यावर त्यांना लगेच निराळे काही मिळाले असे नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठभगिनींच्या सहवासात उपासनेची वेळापत्रके होती, नेमलेल्या प्रार्थना होत्या, आणि वरिष्ठांच्या आज्ञा होत्या. धर्ममाता सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना ही पंचवीस-सव्वीस वर्षांची विधवा किती एकटी आणि किती ताठ उभी होती हे दिसते. बिशपांनी सांगितले म्हणून मानायचे, हे त्यांना जमेना. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि ती कोणाच्या हाती सोपविता येणार नाही, असे त्या पुन्हा पुन्हा कळवितात. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असावीत याला त्यांनी हरकत घेतली. लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही, हा त्यांचा प्रश्न. संस्कृत ही देवभाषा म्हणून त्यांना हवी होती असे नव्हे. ती आपल्या मायभूमीची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून हवी होती. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या तक्रारीत प्रार्थनेचा गाभा आहे. ज्या भाषेत मनुष्य रडत नाही त्या भाषेतील अक्षरे छातीवर बाळगून तो देवाशी काय बोलणार?

आणि मग १८९१. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाल्यावर रमाबाईंच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे कोणताही आडपडदा न ठेवता नोंदविले आहे. अशी कबुली द्यायला फार धैर्य लागते. धर्मांतरासाठी ज्यांनी आप्त गमावले, लौकिक गमावला, त्यांनी आठ वर्षांनी म्हणावे की, जे मिळवायला निघालो ते अजून हाती आलेच नव्हते! धर्म ही पद्धती आहे, मतांची व्यवस्था आहे. ती पटली, ती स्वीकारली. परंतु जिच्याशी बोलायचे ती व्यक्ती अद्याप समोर नव्हती. ती समोर आल्यानंतरच्या दोन वर्षांतली ती प्रार्थना आहे, जिच्यावरून पुण्यात वादळ झाले. लहानपणापासून ज्या बाईने हजारो श्लोक देवापुढे म्हटले आणि उत्तर ऐकले नाही, तिला वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदा आपले बोलणे कोणी ऐकत आहे असे वाटू लागले होते. तिने दार लावले नाही याचे आश्चर्य वाटू नये. तेवढ्याने ते न लावणे समर्थनीय ठरत नाही, हेही खरे. पण त्या दारात दिखाऊपणा नव्हता एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

मराठी माणसाला येथे एक निराळाच प्रश्न पडतो, तो भाषेचा. 'प्रार्थना' हा शब्द 'अर्थ्' धातूपासून आलेला. मागणे हा त्याचा मूळ भाव. संस्कृतज्ञ रमाबाईंना तो ठाऊक असणारच. पण देवाशी बोलण्याच्या मराठीत आणखी कितीतरी तऱ्हा आहेत. आळविणे निराळे, विनविणे निराळे, करुणा भाकणे निराळे, धावा करणे निराळे. भांडणेही आहे, संतांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे कोणाला ठाऊक नाहीत? कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतात. घालणारा एक असतो, पण तो साऱ्या गावाचे मागतो, आणि भोवतीचे लोक दर वाक्याला होकार भरतात. मिशनऱ्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना जी उपासना दिली तीत या सगळ्या छटांपैकी फारच थोड्या उतरल्या. पाश्चात्त्य चालींवर बसविलेली गीते आणि भाषांतरित वाक्यांच्या प्रार्थना म्हणताना माणूस मराठीच बोलत होता, पण ती मराठी चुलीपाशी बोलली जाणारी नव्हती.

नारायण वामन टिळकांचे मोठेपण येथे आहे. करजगावात १८६१ मध्ये जन्मलेला, आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाकडून नवा करार मिळालेला, डोंगरावरील प्रवचनाने भारावून जाऊन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी ख्रिस्ताकडे तुकारामाच्या मार्गाने गेला, असे तो स्वतःच सांगे. त्याने उपासनेत अभंग आणला, भजन आणले, कीर्तन आणले. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाचा प्रयोग त्याच्या आधी झाला होता, पण आपल्या रोजच्या प्रार्थनेला अभंगाचे रूप देणारा तो पहिला मोठा मराठी ख्रिस्ती कवी. 'अभंगांजली'तील रचना वाचताना एक गोष्ट जाणवते. तेथे ख्रिस्त माउली होतो, आणि ही केवळ संतपरंपरेची उसनवारी नाही. जुन्या मराठी घरात बापाला 'तुम्ही' म्हणत, आईला 'तू' म्हणत. मराठी बायबलमधील प्रार्थनेत पित्यालाही 'तू' म्हटले आहे. ख्रिस्ताने वापरलेला 'अब्बा' हा शब्द घरगुती जिव्हाळ्याचा आहे हे जाणूनही ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाच्या कानाला हे 'तू' प्रथम खटकले असले पाहिजे. टिळकांनी आईचे रूप पुढे आणले आणि तो अडसरच दूर केला. आईला 'तू' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही, आणि तिच्यापुढे मांडलेल्या मागण्यांना फारसे व्याकरणही लागत नाही.

टिळकांची प्रार्थना दार लावून बसणारी नव्हती. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. संस्था म्हणून तो अपयशी ठरला असेच म्हणावे लागेल. कवींच्या संस्था बहुधा तशा ठरतात.

परंतु या प्रश्नाचा खरा उलगडा टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नीच्या जीवनात होतो. लक्ष्मीबाईंचे बालपण जलालपूरच्या ज्या घरात गेले तेथे वडिलांच्या सोवळ्याने कहर केला होता. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्यावाचून घरात यायचा नाही. धर्म तेथे अष्टौप्रहर होता, आणि त्याच्या धाकाने घर गांजून गेले होते. नवऱ्याने धर्म सोडला तेव्हा त्या त्याच्याबरोबर गेल्या नाहीत. पंढरपुरात आप्तांकडे राहिल्या, रडल्या, कविता रचू लागल्या, आणि काही वर्षांनी मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या तरी आपले सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. टिळकांसारखा वक्ता घरात असून त्यांचे मत वादाने बदलले नाही. बदलले ते असे: एके दिवशी एकट्या विचार करीत बसल्या असता, जाती देवाने केल्या की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनात उभा राहिला. उत्तर मिळाले, आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवून टाकले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हा प्रसंग कसलाही गाजावाजा न करता आला आहे, आणि त्याला त्यांनी प्रार्थना असे नावही दिलेले नाही.

त्याला प्रार्थना म्हणावे काय? म्हणण्यास हरकत नसावी. माणूस एकटा आहे, पाहणारा कोणी नाही, जे विचारायचे ते खरोखरच विचारायचे आहे, आणि उत्तर आले तर ते पाळावे लागणार आहे. पारायणात आणि प्रार्थनेत फरक असलाच तर तो या शेवटच्या गोष्टीत आहे. पारायणाला उत्तराची जोखीम नसते. लक्ष्मीबाईंच्या खोलीचे दार लावलेलेच होते, पण त्या तेथून उठल्या त्या दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायला. एकांतात झालेले बोलणे त्यांनी पुन्हा एकांतात ठेवले नाही. ते स्वयंपाकघरात आले, पंगतीत आले.

येथे नेमलेल्या प्रार्थनांविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण वरील विवेचनावरून त्या त्याज्य आहेत असा ग्रह होण्याचा संभव आहे. उत्कटतेचे गोडवे गाणारे लोक पाठ म्हटलेल्या प्रार्थनेला यांत्रिक म्हणून नावे ठेवतात. मराठी प्रॉटेस्टंट लेखनात हा सूर पुष्कळदा ऐकू येतो. तो उतावीळ आहे. वसईच्या कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी जपमाळ म्हटली गेली. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेपर्यंत, म्हणजे १९६० नंतरच्या दशकापर्यंत, देवळातील मिस्सा लॅटिन होती. दिवसभर वाडीत राबलेल्या बाईला त्यातले किती कळत असेल? पण घरी आल्यावर मण्यामण्याला तीच वाक्ये म्हणताना तिचे मन आजारी मुलाकडे, विहिरीच्या आटलेल्या पाण्याकडे, दूर गेलेल्या नवऱ्याकडे जात असणार. वाक्ये ठरलेली होती म्हणूनच मन मोकळे राहिले. ज्या दिवशी सांगण्यासारखे काही नसते, किंवा सांगवत नाही, त्या दिवशी उसन्या शब्दांनीच माणूस देवापुढे उभा राहतो. असे दिवस कोणाच्याही आयुष्यात थोडे नसतात.

मात्र उसने शब्दही आपल्या बोलीतले हवेत. फादर स्टीफन्स यांनी हे फार आधी ओळखले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्विटाने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले ते नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणाची भूक त्याला दिसली म्हणून. ओवी त्यांच्या कानांत होती. त्याने ती काढून घेतली नाही, तिला नवी कथा दिली. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने तेथील लोकांना आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम केला. लोकांची भाषा हुकमाने गेली नाही. पण ज्या सत्तेला माणसाच्या जिभेवर ताबा हवा असतो तिला त्याची प्रार्थनाही हवी असते, हे त्या हुकमावरून दिसते. वाँटेजच्या मठात लॅटिन अक्षरांना नकार देणाऱ्या रमाबाई या इतिहासापासून वाटतात तितक्या दूर नव्हत्या.

रमाबाईंचे उत्तरायुष्य केडगावला गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि 'मुक्ती' उभी राहिली. येथे तटस्थतेचे वचन कोणाला दिलेले नव्हते, सल्लागार मंडळ नव्हते, दाराचा प्रश्न राहिला नव्हता. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी रोज एकत्र जमून प्रार्थना करण्याचे आवाहन केले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या, आणि वर्षाच्या मध्यापर्यंत ही संख्या काही शेकड्यांवर गेली. त्या जूनअखेर तेथे जे घडले त्याची वर्णने सर्वश्रुत आहेत: एकाच वेळी सगळ्या जणी मोठ्याने रडत आहेत, पापे कबूल करीत आहेत, प्रत्येकीची प्रार्थना निराळी आणि सगळ्यांचा कल्लोळ एक. बाहेरून आलेल्यांपैकी काही भारावले, काही भ्यायले. अशा सामुदायिक उमाळ्यात व्यक्ती किती उरते याविषयी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे. ज्या रमाबाईंनी बिशपापुढे आपली विवेकबुद्धी शाबूत ठेवली, त्यांच्या छत्राखाली दुष्काळातून आलेल्या एखाद्या पोरीला सगळ्या रडत असताना न रडण्याची मुभा कितपत होती? १८९३ चा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, अधिक तीव्रतेने. आणि विचारायला या वेळी रानडे नव्हते.

एक गोष्ट मात्र या चित्रात सहसा सांगितली जात नाही. रमाबाईंना तरुणपणापासून ऐकू कमी येई. वैद्यक शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या आणि ते शिक्षण होऊ शकले नाही, त्याचे कारण हेच. पुढे बहिरेपण वाढत गेले. म्हणजे शेकडो स्त्रियांच्या त्या कल्लोळाच्या मधोमध बसलेल्या या बाईच्या कानी त्यातले फार थोडे पडत असणार. दार सताड उघडे, भोवती शेकडो जणी, आणि तरीही ती एका बंद खोलीत होती. निसर्गानेच तिच्यावर ती लादली होती.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या अशिक्षित बाईला वाचून दाखविले तर कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी वेचून वेचून काढले. संस्कृत क्रूसावर हवे म्हणणाऱ्या पंडितेने हे करावे! साहित्याच्या दृष्टीने हे भाषांतर फारसे यशस्वी नाही. मूळाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहात वाक्ये ओबडधोबड झाली आहेत, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनीही ते सर्वत्र स्वीकारले नाही. पण ते कोणासाठी केले होते हे त्याच्या पानापानावर दिसते. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, जिला जवळ घेऊन पुण्याच्या त्या खोलीत प्रार्थना चालत असे ती. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे एवढे त्यांनी मागितले होते, अशी आठवण सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्यात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ते खोलीचे आणि दाराचे वाक्यही आहे. ज्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळविले त्यांच्यापैकी बहुतेकींना स्वतःची अशी खोली कधी मिळाली नव्हती.